पुरातली गाडी आणि पंचाहत्तर टक्के

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा आमची गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये होती. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण पार्किंगच्या खांबावर होती, साधारण माझ्या कमरेएवढी. त्या हिशेबाने नवऱ्याने आदल्या रात्री गाडी सगळ्यात उंच कोपऱ्यात नेऊन लावली होती. सकाळी ती खूण पाण्याखाली गेलेली आणि पाणी अजून चढत होतं. आम्ही पहिल्या मजल्यावरून जिन्याच्या किती पायऱ्या उरल्यात तेवढंच बघत होतो. गाडी त्या दिवशी कुणाच्या डोक्यातही नव्हती.

पाणी उतरल्यावर गाडी दिसली. जागेवरून सरकून खांबाला टेकलेली होती. डाव्या दाराला एक पोचा, एक आरसा मोडलेला. बाकी पत्रा शाबूत, काचा शाबूत, दिवेसुद्धा फुटलेले नव्हते. आत मात्र सीटपासून छतापर्यंत लाल मळी.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. आकड्यांची मला भीती वाटत नाही. तरीही विमा कंपनीने ही गाडी ‘टोटल लॉस’मध्ये काढायची ठरवली, तेव्हा ते मला पटायला बराच वेळ लागला. अपघातात चेपलेली गाडी भंगारात जाते हे समजतं. धुतल्यावर जवळजवळ नवी दिसणारी, तीन वर्षंसुद्धा पूर्ण न झालेली गाडी का जावी? आमच्या आळीतले निम्मे लोक तेव्हा हाच प्रश्न विचारत होते. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

पहिले दिवस घर उपसण्यात गेले. वीज नाही, फोनला रेंज नाही. पुतण्या एकदा किल्ली घेऊन खाली निघाला, “काकू, एकदा मारून बघतो, लागली तर लागली.” त्याला आमच्या मेकॅनिकनेच अडवलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि असं वाकलेलं इंजिन विमा कंपनी पुराच्या नुकसानीत धरायला तयार नसते. पुरानंतर तुम्ही गाडी सुरू केलीत, त्यामुळे हे झालं, असं म्हणते. इंजिनसाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर तो खर्च आपल्या अंगावर येतो. आमच्याकडे ते नव्हतं. मेकॅनिकने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, किल्ली माझ्या हातात दिली आणि सांगितलं, “वहिनी, ही आता लपवून ठेवा.”

धुवायची की नाही, यावरही घरात वाद झाला. मळी वाळली की सिमेंटसारखी बसते, वायरिंगच्या जोडांत आत जाते. पण सर्व्हे होण्याआधी गाडी धुतली तर पाणी कुठपर्यंत होतं याचा पुरावाच जातो. शेवटी चारी बाजूंनी फोटो काढले, आत डॅशबोर्ड, सीट, छताचं कापड, इंजिनच्या झाकणाखालचं सगळं, आणि एक सलग व्हिडिओ. नंबरप्लेट आणि चासी नंबर त्यात येतील असं बघितलं. पॉलिसीचा कागद भिजून लगदा झाला होता, पण पीडीएफ ईमेलमध्ये होती. रेंज आल्याबरोबर दावा नोंदवला, फोटो मेलने पाठवले आणि ‘आणखी नुकसान होऊ नये म्हणून आतला चिखल काढत आहोत’ असं त्याच मेलमध्ये लिहिलं. या शेवटच्या वाक्यावर पुढे कुणी बोट ठेवलं नाही.

विमा नियामकाने कंपन्यांना पूरग्रस्त भागातले दावे लवकर निकाली काढा असं सांगितलं होतं. त्यामुळे सर्व्हेअर बाहेरून आले होते, आणि एकेकाच्या वाट्याला गाड्यांची रांग होती. आमच्याकडे आलेले गृहस्थ पुण्याचे. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हातात टॉर्च. त्यांनी आधी पत्रा बघितलाच नाही. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, बोटाने मळी दाखवली. मग डॅशबोर्डखाली टॉर्च मारला. मग विचारलं, “गाडी सुरू केली होती का?” नाही म्हटल्यावर त्यांनी तसं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

निघताना ते म्हणाले, पुराच्या गाड्या पाण्याच्या उंचीवरून तीन गटांत बघतात. पाणी पायाखालच्या गालिच्यापर्यंत असेल तर ती धुऊन-सुकवून बहुतेक वेळा उभी राहते. सीटपर्यंत गेलं की खर्च वाढतो. डॅशबोर्डच्या वर गेलं की, “मॅडम, मग आम्ही आधी कॅल्क्युलेटर काढतो.”

रस्ते मोकळे झाल्यावर गाडी कुंभार्ली घाटातून कराडच्या वर्कशॉपला पाठवली. सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागते, ओढून नाही. पॉलिसीत टोइंगसाठी १,५०० रुपयांची मर्यादा आहे. आमच्याकडून ट्रकवाल्याने ९,००० घेतले, आणि त्या दिवसांत कुणी कमी घेत नव्हतं. वरचे आमचे गेले.

काही आठवड्यांनी एस्टिमेट आलं. ४,०६,००० रुपये. आमच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेली विम्याची किंमत, ४,२०,००० होती. एस्टिमेटची प्रत मी मागून घेतली आणि ऑफिसमध्ये बसून ओळ न् ओळ वाचली. पत्र्याचं काम जेमतेम आठ हजारांचं. वायरिंगचा पूर्ण संच सुमारे ५८ हजार. इंजिनचा कॉम्प्युटर, दारं-दिवे चालवणारा दुसरा कॉम्प्युटर, मीटर. एबीएसचं युनिट ३१ हजार. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग ४३ हजार. एअरबॅगचं कंट्रोल युनिट, दोन्ही एअरबॅग आणि पुढचे पट्टे मिळून ५० हजारांच्या वर. सीट, गालिचा, छत, दारांचे आतले पॅड. एसीचा ब्लोअर, अल्टरनेटर, स्टार्टर. त्या वेळी गाडीच्या बहुतेक पार्टांवर २८ टक्के जीएसटी होता, तो या सगळ्यात धरलेला. आणि खाली पेनाने लिहिलेलं: इंजिन व गिअरबॉक्स उघडल्यावर लागेल तो खर्च वेगळा.

त्यानंतर विमा कंपनीतून फोन आला. तुमची गाडी टोटल लॉसमध्ये घेत आहोत, संमतीपत्र पाठवतो.

मेकॅनिकला हे सांगितल्यावर तो चिडला. तो कराडला जाऊन गाडी बघून आला होता. “दीड लाखाच्या आत उभी करतो. चार लाख कसले?” तो खोटं बोलत नव्हता. त्याने त्या पावसाळ्यात अशा कितीतरी गाड्या उभ्या केल्या. नवरा म्हणाला, कंपनी आणि वर्कशॉप दोघं मिळून आपल्याला फसवतायत. मलाही तसंच वाटत होतं. मी सर्व्हेअरना फोन केला, आणि त्या माणसाने, कामाच्या रगाड्यात असूनही, मला नीट समजावलं. त्यांनी सांगितलेलं पुढे मी पॉलिसीत वाचून ताडून पाहिलं.

पॉलिसीत एक अट असते. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च मिळून आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर ती गाडी पूर्ण नुकसान झाल्यासारखी धरायची. गाडी दुरुस्त होऊ शकते की नाही, हा प्रश्न त्या अटीत नाहीच. आमच्या ४,२०,००० चे ७५ टक्के म्हणजे ३,१५,०००. एस्टिमेट त्याच्या नव्वद हजारांनी वर, तेही इंजिन न उघडता.

“पण दीड लाखात होतं म्हणतात,” मी म्हटलं.

“होतं ना,” ते म्हणाले. “तुमचा मेकॅनिक कनेक्टर साफ करेल, कॉम्प्युटर उघडून वाळवेल, सीट उन्हात टाकेल. जे नाही चाललं ते कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणेल. गाडी चालेल. कंपनीला तसं करता येत नाही. कंपनी पैसे देते ती नव्या पार्टांचे, बिलावर, वर्कशॉपच्या हमीसकट. पाणी गेलेला एअरबॅगचा कॉम्प्युटर पुसून परत बसवा असं मी रिपोर्टमध्ये लिहू शकत नाही. उद्या एअरबॅग उघडली नाही तर कागदावर माझी सही असेल.”

मग त्यांनी वायरिंगचं सांगितलं. पुराच्या पाण्यात मळी, गटार, खत, डिझेल सगळं असतं. तांब्याच्या जोडांवर हिरवा गंज चढायला काही महिने लागतात. आज सगळे दिवे लागतात, दिवाळीनंतर एकेक बंद पडायला लागतं. प्रत्येक वेळी गाडी वर्कशॉपला, आणि मालक म्हणणार की हे त्याच पुराचं आहे. तो दावा कधी संपणार, हे कुणालाच माहीत नसतं. आणि ज्याला अंत नाही असा खर्च विमा कंपनीला नको असतो.

फोन ठेवल्यावर मी कंपनीच्या बाजूने हिशेब मांडला. आमची पॉलिसी झिरो डेप होती, म्हणजे पार्टांची घसारा-कपात नाही. दुरुस्ती केली तर सक्तीची १,००० ची कपात जाऊन कंपनीचे चार लाख पाच हजार जाणार, वर इंजिनचं काय निघेल ते. टोटल लॉस केलं तर? आमच्या चिखलाने भरलेल्या गाडीला भंगारवाल्यांच्या बोलीत १,०५,००० मिळत होते. आयडीव्ही ४,२०,०००, त्यातून सक्तीची कपात १,०००, राहिले ४,१९,०००. त्यातले १,०५,००० भंगारवाला देणार. कंपनीच्या खिशातून जाणार ३,१४,०००, आणि फाईल बंद. म्हणजे स्वतःच्या हिशेबात ती दुरुस्तीचा खर्च नुसत्या गाडीच्या किमतीशी ताडून बघत नाही. गाडीची किंमत वजा भंगार, याच्याशी ताडते. भंगाराला जितका चांगला भाव, तितकी गाडी लवकर ‘जाते’. हे कळल्यावर माझा राग बराच कमी झाला. कंपनीच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

हाच हिशेब पुराशिवायही लागतो. माझ्या मावसभावाची सात वर्षांची गाडी पुण्यात समोरून ठोकली गेली. बघायला फार काही नव्हतं, पण दोन्ही एअरबॅग उघडल्या. एअरबॅग उघडल्या की त्या, डॅशबोर्ड, पट्टे, सेन्सर, सगळं बदलावं लागतं, आणि त्या पार्टांची किंमत गाडीच्या वयाबरोबर कमी होत नाही. आयडीव्ही मात्र दर वर्षी खाली येते. पाच वर्षांपर्यंत तिचा ठरलेला तक्ता आहे: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मधल्या गाडीला ३० टक्के कपात, चौथ्या-पाचव्याच्या मधल्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक मिळून ठरवतात, आणि हप्ता कमी यावा म्हणून आपणच ती खाली आणतो. मावसभावाची दीड लाखाची होती. नुसत्या एअरबॅगने ती संपवली.

आमच्याच पार्किंगमधली दुसरी गाडी, तीच कंपनी, तेच मॉडेल, आमच्या गाडीपेक्षा एक वर्ष जुनी. तिच्या मालकांकडे झिरो डेप नव्हतं. प्लास्टिक, रबर, एअरबॅग, बॅटरी यांवर ५० टक्के कपात, धातूच्या पार्टांवर वयाप्रमाणे. सर्व्हेअरने ही कपात करून आकडा काढला तेव्हा तो ७५ टक्क्यांच्या खाली आला. गाडी दुरुस्तीत गेली. त्यांना आधी आनंद झाला, गाडी वाचली म्हणून. मग स्वतःच्या वाट्याचं बिल आलं, लाखाच्या वर. गाडी घरी यायला दिवाळी उलटली, कारण पुरात बुडालेल्या सगळ्या गाड्यांना एकाच वेळी तेच पार्ट हवे होते. पुढच्या उन्हाळ्यात एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना, आणि एकदा बहादूरशेख नाक्यावर वळताना स्टीअरिंग जड झालं. ७५ टक्के कुठल्या आकड्याचे धरायचे, कपातीच्या आधीच्या की नंतरच्या, यावर विमाधारक आणि कंपन्या यांच्यात भांडणं होतात. आपल्या सर्व्हेअरने कुठला धरलाय ते विचारून घ्यावं.

आमच्यासमोर पर्याय दोन होते. एक, गाडी सोडून द्यायची आणि ४,१९,००० घ्यायचे. दुसरा, कंपनीकडून ३,१४,००० घ्यायचे आणि गाडी आपणच ठेवायची. हा दुसरा पर्याय आपणहून कुणी सांगत नाही, विचारावा लागतो. मला तो फार मोहाचा वाटला. बँकेचं कर्ज १,६०,००० बाकी होतं. ते फेडून हातात १,५४,००० राहत होते, म्हणजे जवळजवळ मेकॅनिकचाच आकडा. गाडी चालू, कर्ज शून्य. कागदावर याच्याइतका चांगला व्यवहार नव्हता. मी दोन रात्री तोच कागद उलटसुलट बघत बसले.

शेवटी मेकॅनिकला बोलावून विचारलं, एअरबॅग उघडतील का? त्याने चहाचा कप खाली ठेवला. “गाडी चालेल वहिनी. ब्रेक लागतील, एसी लागेल. एअरबॅगचं मी सांगू शकत नाही. कोण सांगेल? ते ठोकल्यावरच कळतं.” आमच्याकडे ही गाडी सासूबाईंना घेऊन महिन्यातून एकदा कुंभार्ली चढायची-उतरायची. नवरा म्हणाला, सोडून दे. मी सोडून दिली. पण मेकॅनिकने गावातच फिरण्यापुरती कुणाला अशी गाडी उभी करून दिली असेल, तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

संमतीपत्र आलं त्यात आकडा मात्र ३,८०,००० होता. फोन केला तर उत्तर मिळालं, गाडी आता आणखी जुनी झाली, आजचा बाजारभाव हाच. इथे हिशेबनीस असल्याचा उपयोग झाला. पॉलिसीच्या अटीत स्पष्ट आहे की पॉलिसीच्या मुदतीत आयडीव्ही हीच गाडीची किंमत धरायची, टोटल लॉसच्या वेळी पुन्हा घसारा लावायचा नाही. ते कलम मी मेलमध्ये उतरवून पाठवलं, सही केली नाही, आणि उत्तर आलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि पुढे विमा लोकपालाकडे जाईन असं लिहिलं. लोकपालाकडे तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तिथपर्यंत जावं लागलं नाही. सुधारलेलं पत्र आलं, ४,१९,००० चं. फोनवर कुणी चूक कबूल केली नाही, मीही ताणून धरलं नाही. पण आळीतल्या एका आजोबांनी असाच कमी केलेला आकडा घेऊन सही करून टाकली होती. मला आधी कळलं असतं तर त्यांचा कागद मीच वाचला असता.

पैसे एका ठिकाणून येत नाहीत हेही आधी माहीत नव्हतं. कंपनीचा वाटा आधी बँकेला गेला, कर्ज मिटलं, उरलेले आम्हाला. भंगाराचे १,०५,००० थेट घेणाऱ्याकडून. ते खात्यात जमा झाल्याशिवाय गाडीचा ताबा देऊ नका, असं सर्व्हेअरनीच बजावलं होतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ यांच्यासाठी बँकेत खेटे घातले, त्याचं वर्णन करत नाही, सगळ्यांना ते माहीत आहे. वर्कशॉपने गाडी खोलून एस्टिमेट काढल्याचे पैसे आणि शेडमध्ये ठेवल्याचं दिवसाचं भाडं मागितलं. दुरुस्ती तिथे झाली असती तर हे माफ होतं. बरंच बोलल्यावर भाडं सोडलं, खोलण्याचे पैसे सोडले नाहीत. गाडी वर्कशॉपला टाकतानाच हे विचारून लिहून घ्यावं.

आता आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचं. भंगारवाल्यांच्या बोली दोन तऱ्हेच्या असतात, आरसीसकट आणि आरसीशिवाय. आमच्या गाडीला आरसीशिवाय ६५,००० मिळत होते. आम्हाला कुठल्याही बोलीत ४,१९,००० च मिळणार होते, फरक कंपनीच्या खिशाचा. म्हणून कंपनीला आरसीसकटची बोली हवी होती. आरसीसाठी चाळीस हजार जास्त देणारा माणूस ती गाडी तोडायला नेत नाही, हे तर उघड आहे. मोटार वाहन कायद्यात सोय आहे: गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची. पण आमची निकामी झाली होती का? विम्याच्या लेखी हो, भंगारवाल्याच्या लेखी नाही.

मी आरसी रद्द करा म्हणून आग्रह धरला. कंपनीने ट्रान्सफर करून देतो म्हणून सांगितलं. आग्रहामागे कारण होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की ज्याचं नाव आरसीवर, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. गाडी चार हात पुढे विकली गेली असली तरी. शेवटी मी तडजोड केली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, पण घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, आधारची प्रत, आणि ताब्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती घेतल्यावरच. कोऱ्या फॉर्मवर सही मागितली होती, ती दिली नाही. पावतीची प्रत रत्नागिरी आरटीओला पत्रासोबत दिली आणि पोच घेतली. फास्टॅग त्याच दिवशी बंद केला.

तरी नाव बदलायला पुढचा उन्हाळा उजाडला. मधे एका दुपारी मोबाइलवर ई-चलानाचा मेसेज आला. नंबर आमचा, जागा बेळगावजवळची, गुन्हा वेगमर्यादेचा. फोटोत गाडी पांढरीस्वच्छ, डाव्या दाराचा पोचा काढलेला. मेकॅनिकला दाखवला तर तो खूश झाला, “बघा, मी म्हणत नव्हतो?” मला मात्र घाम फुटला होता. ताब्याची पावती आणि आरटीओची पोच जोडून तक्रार केली, ते चलान पुढे त्या माणसाकडे गेलं. पोच नसती तर काय झालं असतं, याचा मी फार विचार करत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही जुनी गाडी बघायला पुण्याला गेलो. मेकॅनिक बरोबर होता. नवीन गाडीचे पैसे जमत नव्हते, आणि पॉलिसीत बिलाची पूर्ण किंमत परत देणारं कलम घेतलेलं नसल्याने आमच्या हातात आयडीव्हीच आली होती. ते कलम आणि इंजिनचं संरक्षण, दोन्ही आता आम्ही घेतो. बाजारात ओळीने गाड्या उभ्या होत्या, सगळ्या चकचकीत, आत वासाच्या बाटल्या लावलेल्या. मेकॅनिकने सांगितलं, वास जास्त असेल तर आधी ती गाडी नीट बघा. सीटच्या खालच्या पट्ट्यांचे स्क्रू बघा, गंजलेत का. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. गालिचा एका कोपऱ्यात उचला. छताचं कापड नवं आणि सीट जुन्या असं आहे का बघा. विम्याचे आधीचे दावे विचारा, पॉलिसीचा नंबर मागा.

एक राखाडी गाडी आम्हाला सगळ्यांना आवडली. तीन वर्षांची, किलोमीटर कमी, किंमत बेतातली. विक्रेता म्हणाला, एकच मालक, डॉक्टर. मी पुढचा सीटबेल्ट धरला आणि ओढत गेले. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर बारीक मळी बसलेली होती, सरळ रेघेत.

मी त्याला दाखवली. त्याने पट्टा हातात घेतला, अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, “ताई, डॉक्टरांना ट्रेकिंगची फार आवड.”

मेकॅनिक तोवर पुढच्या गाडीखाली वाकला होता.